सावित्रीबाई फुले : प्लेगच्या साथीत रुग्णांच्या उशाशी

दरवर्षी ३ जानेवारीला निगडी-प्राधिकरणातल्या शाळांमध्ये नऊवारी नेसलेल्या, हातात पाटी धरलेल्या छोट्या छोट्या सावित्रीबाई दिसतात. आपल्या वस्त्यांमधल्या मुलीही त्यात असतात आणि हौसेनं फोटो काढून घेतात. १० मार्चला मात्र तेवढी गडबड नसते. तो सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ सुरू असताना, रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि वयाच्या ६६ व्या वर्षी त्या गेल्या. शिक्षिका सावित्रीबाईंवर पुष्कळ लिहून झालंय. आज आम्ही त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहितोय, आजारी माणसाजवळ जाऊन बसण्याच्या कामाबद्दल. कोविडच्या काळात पिंपरी-चिंचवडच्या आयसीयूंमध्ये सिस्टरांनी जे केलं, ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. त्या कामाची पुण्याच्या मातीतली आठवण शोधायला गेलं की वाट हडपसरच्या एका मळ्यात जाते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. नायगाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात आहे. निगडीकरांना खंडाळा म्हटलं की लोणावळ्याशेजारचा घाट आठवतो, पण हा तो नव्हे. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील, आईचं नाव लक्ष्मीबाई. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी लग्न झालं. नवरदेव तेरा वर्षांचा.

जोतिरावांची शाळा मध्येच सुटली होती. मुलाला पुन्हा शाळेत घाला, असं वडिलांना म्हणजे गोविंदरावांना पटवून देणारी जी दोन माणसं होती, त्यांतले एक ख्रिस्ती गृहस्थ लिजिट साहेब आणि दुसरे गफ्फार बेग मुन्शी. मुन्शीजी उर्दू-फारसीचे जाणकार होते. १८४१ मध्ये जोतिराव पुन्हा शाळेत गेले, आणि पुढे त्यांनी घरातच सावित्रीबाईंना शिकवायला सुरुवात केली. मुन्शीजींचं नाव शाळेच्या भाषणांत सहसा येत नाही. यायला हवं.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. अंगावर शेण-चिखल फेकला जायचा, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचं वर्ष अधिक अवघड गेलं. लोकांच्या दबावाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडायला सांगितलं. तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. फुले दांपत्यानं ज्या काळात शिक्षणाचं काम वाढवलं, त्याच काळात त्यांच्या डोक्यावर एका मुस्लिम घराचं छप्पर होतं. उस्मानभाईंना त्यात काही मिळणार नव्हतं. शेजारपाजाऱ्यांचे बोल मात्र मिळण्याची शक्यता होती.

याच घरातल्या फातिमा शेख. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना पत्र पाठवलं, त्यात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई तेव्हा आजारी होत्या, विश्रांतीसाठी माहेरी गेल्या होत्या आणि भाऊ त्यांची काळजी घेत होता. आपण नसल्यामुळे सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यांचा विश्वास त्या पत्रातून दिसतो. दोन बायकांच्या मैत्रीचा याहून चांगला पुरावा कशाला हवा? एक अंथरुणाला खिळलेली आहे आणि दुसरी तिचं काम गाजावाजा न करता ओढते आहे. आम्हाला हे पत्र या लेखासाठी आणखी एका कारणानं महत्त्वाचं वाटतं. आजारपणात कुणाच्या तरी हाताची गरज पडते म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी स्वतः भोगलं होतं.

पुढच्या वर्षांत त्यांचं काम शाळेच्या चार भिंतींबाहेर गेलं, आणि नीट पाहिलं तर ते दरवेळी माणसाच्या शरीराच्या जवळ जाणारं होतं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी आणि जोतिरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं येणाऱ्या बायकांची बाळंतपणं व्हायची, बाळ-बाळंतिणीची देखभाल व्हायची. घरोघर ज्यांना दार बंद होतं, त्यांचं न्हाणं-धुणं इथं होत होतं. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा अशीच आली. तिचा मुलगा यशवंत फुल्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी खुला केला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या लोकांनी भुकेल्यांना जेवण देण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा सावित्रीबाई जुन्नरच्या बाजूला होत्या. २० एप्रिल १८७७ चं त्यांचं ओतूरहून लिहिलेलं पत्र आहे. जनावरं मरतायत, माणसं गावं सोडून चाललीयत, असं सगळं त्यात आहे.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. त्या काळात बाईनं असं पुढं होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांच्याकडे आली. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. यशवंत एव्हाना डॉक्टर झाला होता आणि लष्करी सेवेत होता.

मग साथ आली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसं काखेत किंवा जांघेत गाठ येऊन मरू लागली. हा प्लेग आहे, असं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं. वर्षअखेरीला साथ पुण्यात पोहोचली. लोकांना इस्पितळाचीच धास्ती होती. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, असं जो तो म्हणायचा, आणि मुंबईत २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला होता. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथरोग कायदा केला. माणसांना उचलून वेगळं ठेवायचा, घरं तपासायचा अधिकार त्यातून मिळाला.

सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. तो रजा काढून आला आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ सासन्यांच्या मळ्यात दवाखाना सुरू झाला. सासने म्हणजे यशवंतच्या सासुरवाडीची माणसं. मळा मोकळा, गावापासून दूर, उन्हावाऱ्याचा. प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो शोध पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये लावला. पुढे उंदीर मरून पडू लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागले आणि त्यानं जीव वाचू लागले. दाट वस्तीतून रुग्णाला काढून मळ्यात आणायचं, ही गोष्ट नकळत योग्य होती.

औषध म्हणाल तर नव्हतंच. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत १० जानेवारी १८९७ ला आपली नवी लस स्वतःला टोचून घेतली होती, पण ती अजून घरोघर पोहोचायची होती. प्लेगवर खरं चालणारं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. म्हणजे १८९७ च्या दवाखान्यात डॉक्टरच्या हातात फार थोडं होतं. जे काही होतं ते शुश्रूषा करणाऱ्याच्या हातात होतं.

इथं थोडं थांबून प्लेग माणसाला कसा मारतो ते पाहू. गाठ ही बाहेरून दिसणारी खूण. आत विष रक्तात पसरतं, ताप चढतो, रुग्ण बरळायला लागतो, आणि हृदय थकत जातं. नाडी जलद होते आणि हाताला लागेनाशी होते. त्या काळच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं की थोडा बरा वाटणारा रुग्ण एकदम उठून बसला आणि तिथंच कोसळला. हृदयाला तेवढाही ताण सोसत नसे. म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. तो वातात उठून पळू लागला तर धरायचं. पाणी चमच्या-चमच्यानं पाजायचं, कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या, गाठीवर शेक, अंथरूण बदलणं, आणि सतत नाडीवर बोट. रात्रभर. हे काम करायला शिकलेला माणूस हवा, त्याहून आधी न घाबरणारा हवा. गाठीच्या प्लेगमध्ये उपचाराविना निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. जे वाचत, त्यांच्या वाचण्यात या पाणी पाजणाऱ्या हाताचा वाटा मोठा होता.

सावित्रीबाई हे काम साठी उलटल्यावर करत होत्या. रुग्ण स्वतःहून येत नसत, म्हणून त्या वस्त्यांमध्ये जाऊन आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्या तिथं गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला दवाखान्यात आणलं. आज मुंढव्याहून हडपसर म्हणजे रिक्षानं थोडा वेळ. ६६ वर्षांच्या बाईला, तापानं फणफणलेलं पोर पाठीवर घेऊन, मार्चच्या उन्हात ते अंतर किती वाटलं असेल! ज्या पोराची सावलीही लोक टाळत होते, ते त्यांच्या पाठीला चिकटलेलं होतं. रुग्णाच्या कपड्यांतली एक पिसू त्या रोगाला पुरते.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना ताप आला आणि १० मार्च १८९७ ला रात्री नऊच्या सुमारास त्या गेल्या. उपचार करायला यशवंतच होता. त्यानं पुढेही प्लेगच्या रुग्णांवर उपचार केले आणि काही वर्षांनी, नंतरच्या एका साथीत, तोही प्लेगनंच गेला. हिंदुस्थानात या साथीनं पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्यात हे एक घर.

सावित्रीबाई गेल्या त्याच महिन्यात पुण्यात गोऱ्या सोजिरांची घरझडती सुरू झाली. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड होता. सोजीर घरात शिरून बायकांना तपासतात, सामान फेकतात, देवघरात आणि माजघरात जातात, यावरून लोक खवळले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली ती चिंचवडच्या चापेकर बंधूंनी. आपल्याकडे ही आठवण जिवंत आहे. चिंचवडला चापेकर चौक आहे, त्यांचा वाडा आहे, आणि निगडीहून रोज हजारो लोक त्या चौकातून जातात. प्लेगची एक गोष्ट आपल्या शहराला पाठ आहे. दुसरी, हडपसरची, पुण्याच्या त्या टोकाला राहून गेली. दोन्ही एकाच साथीच्या, तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतरानं घडलेल्या. रँड त्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून, राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतत होता. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.

आता २०२० कडे येऊ. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. योगायोगच, पण विसरता न येणारा. राज्यात लागू झाला तो तोच १८९७ चा साथरोग कायदा. पिंपरीचं वायसीएम कोविडसाठी राखून ठेवलं गेलं, नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं राहिलं, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये खाटा लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं ते वर्ष साथ येण्याआधीच परिचारिकांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं.

कोविड फुफ्फुसाचा आजार म्हणून आपल्याला माहीत झाला, पण तो हृदयालाही सोडत नव्हता. स्नायूला सूज, रक्तात गुठळ्या, ठोक्यांची लय बिघडणं. सुरुवातीला दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसारखी औषधंसुद्धा ठोक्यांची लय बिघडवू शकत होती, म्हणून ईसीजीवर डोळा ठेवावा लागे. अशा वेळी सगळ्यांत आधी बोलावणं गेलं ते हृदयविभागात काम केलेल्या सिस्टरांना. व्हेंटिलेटर, धमनीत घातलेली प्रेशरची नळी, बीपी टिकवणाऱ्या औषधाचा सिरिंज पंप, या सगळ्याची त्यांच्या हाताला सवय होती. पंपाचा आकडा थोडा वर, थोडा खाली, दर पंधरा मिनिटांनी बीपी. मॉनिटरवरची रेघ वाकडी झाली की डॉक्टर येईपर्यंत पहिला हात तिचाच. रुग्णाला पालथं करायचं असेल तर चार-पाच जणांनी मिळून, नळी न हलवता. पीपीई किटमध्ये सहा-आठ तास पाणी नाही, बाथरूम नाही. आणि हे झाल्यावर फोन धरून रुग्णाला घरच्यांचा चेहरा दाखवायचा. कित्येकांनी आपल्या माणसाला शेवटचं पाहिलं ते सिस्टरच्या हातातल्या मोबाइलवर.

ड्यूटी संपवून घरी परतलेल्या नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितल्याच्या घटना त्या वर्षी देशभर घडल्या. हल्लेही झाले. शेवटी २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढून त्याच साथरोग कायद्यात बदल करावा लागला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून. सेवा करणाऱ्याला छप्पर नाकारायचं की द्यायचं, हा प्रश्न उस्मान शेख यांच्यापुढेही वेगळ्या रूपात आलाच होता. आपल्या समाजाला तर त्या दिवसांत दुहेरी सोसावं लागलं. साथीचं खापर आपल्यावर फोडलं जात होतं, आणि त्याच वेळी पुण्यात मुस्लिम तरुण सगळ्या धर्मांच्या कोविड मृतांचे अंत्यविधी करत होते. कॅम्पातल्या आझम कॅम्पसनं मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. आपल्या घरांमध्ये मुलगी डॉक्टर होणार म्हटलं की पेढे वाटले जातात, आणि नर्सिंगला जाते म्हटलं की आवाज खाली जातो. रात्रपाळी, परपुरुषाला हात लावणं, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. ओटा स्कीम असो की रुपीनगर, हे बोलणं आम्ही ऐकतो. नातेवाइकांच्या काळजीत तथ्य नाही, असं आम्ही म्हणणार नाही. रात्री दोन वाजता सुटणाऱ्या मुलीला घरी पोहोचवणारी गाडी हवीच. पण मुंबईतली १८९८ ची गोष्ट आठवा. ९ मार्चला मदनपुऱ्यात मोमीन विणकरांच्या एका घरातल्या मुलीला प्लेग आहे का, हे तपासायला पथक आलं. घरच्यांनी नकार दिला, वस्ती खवळली, दंगल झाली, माणसं मेली. घरच्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काखेतली, जांघेतली गाठ पुरुषानं तपासायची, हे कोणत्या आईला चालेल? पण तपासायला आपलीच एखादी शिकलेली बाई तिथं असती तर? आपल्या आयाबहिणींच्या खाटेशी बाईच असावी, असं वाटत असेल, तर ती बाई कुणाच्या तरी घरातून शिकून यायला लागते. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीशेजारच्या तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा अस्लमिया यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं.

ज्या घरांमध्ये मुलगी यंदा बारावीला आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. सायन्स शाखेतून बारावी झाल्यावर बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं, जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा. कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचं आहे ना, हे फी भरण्याआधी तपासा, कारण कोर्सनंतर कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय सिस्टर म्हणून काम करता येत नाही. हृदयविभागाचं आणि आयसीयूचं काम त्यानंतर, वॉर्डात उभं राहून, वर्ष-दोन वर्षांत हाताला येतं.